दोन मॅचमधली दहा मिनिटं आणि तापलेली मोटर

उपांत्य फेरीची दुसरी मॅच सुरू असते. सकाळपासून चपळ पळणारा रोबो अचानक मंदावतो, हात अर्ध्यातच लटकतो. चालक म्हणतो बॅटरी उतरली, प्रोग्रामर म्हणतो कोडमध्ये काहीतरी अडकलं. बॅटरी बदलून रोबो पुन्हा मैदानात नेला, तरी तेच. मग कुणीतरी मोटरवर हात ठेवतं आणि चटका बसून झटकन मागे घेतं.

शाळा-कॉलेजांच्या रोबो स्पर्धांमध्ये हा प्रसंग सर्रास घडतो. व्हेक्स असो, फर्स्टच्या स्पर्धा असोत की इंजिनिअरिंग कॉलेजांची रोबोकॉन, मॅच दोन-तीन मिनिटांची असते आणि साखळी फेरीत दोन मॅचमध्ये बरा वेळ मिळतो. बाद फेरीत मात्र तो वेळ आक्रसत जातो. मोटर थंड व्हायच्या आत पुढची मॅच येते, आधीच्या उष्णतेवर नवी उष्णता चढते आणि ऐन अंतिम सामन्यात रोबो दगा देतो.

पिटमध्ये, म्हणजे संघाच्या दुरुस्तीच्या जागेत, पंखा लावणं, मोटर मोकळी करणं हे उपाय करायचेच आहेत आणि ते कसे करायचे हे पुढे दिलं आहे. पण मोटर किती तापून पिटमध्ये येणार, हे गिअरचं गुणोत्तर, घर्षण, कोड आणि चालकाचा हात यांनी आधीच ठरवलेलं असतं. पंखा त्यातली थोडी उष्णता काढून घेतो, एवढंच.

आधी थोडा हिशेब

मोटरमध्ये उष्णता मुख्यतः तांब्याच्या वाइंडिंगमध्ये तयार होते. ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत वर्षानुवर्षं वापरली गेलेली सिम मोटर उदाहरणाला घेऊ. १२ व्होल्टची, ब्रशवाली, वजन सुमारे सव्वा किलो. शाफ्ट पूर्ण अडकला तर ती १३१ अँपिअर ओढते. त्यावरून तिचा रोध साधारण ०.०९२ ओहम येतो. २० अँपिअरला तिच्यात सुमारे ३७ वॉट उष्णता तयार होते, ४० अँपिअरला सुमारे १४७ वॉट. आणि शाफ्ट अडकलेला असताना बॅटरीतून येणारे दीड हजारांहून अधिक वॉट सगळेच्या सगळे उष्णतेत जातात, कारण काम शून्य होत असतं.

आता अडीच मिनिटांची मॅच धरा. सरासरी ४० अँपिअरवर सव्वा किलोची मोटर ढोबळमानाने ३९ अंशांनी तापते, २० अँपिअरवर जेमतेम १० अंशांनी. मोकळ्या, स्थिर हवेत यातली निम्मी वाढ उतरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. चांगला पंखा लावला तर सहा-सात मिनिटांत काम होतं.

बाहेरचं तापमान ३० अंश आणि लागोपाठ तीन मॅच, मध्ये दहा-दहा मिनिटांची उसंत, असं समजून हे आकडे जोडले तर चित्र असं दिसतं. ४० अँपिअर आणि पंखा नाही: तिसऱ्या मॅचअखेर मोटर सुमारे १२० अंशांवर. ४० अँपिअर आणि पंखा आहे: सुमारे ८५ अंश. २० अँपिअर आणि पंखासुद्धा नाही: ५२ अंशांच्या आसपास. करंट निम्म्यावर आणणाऱ्या संघाला पंख्याविनाही जे साधतं, ते करंट न घटवणाऱ्याला पंखा लावूनही साधत नाही. हे आकडे संपूर्ण मोटरचे सरासरी आहेत. आतली वाइंडिंग बाहेरच्या डब्यापेक्षा बरीच जास्त तापलेली असते.

तापलेली मोटर कमजोरही होते. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, चुंबकही थोडे मंदावतात. तेवढंच काम करायला मग जास्त करंट लागतो आणि तो करंट आणखी तापवतो. तारेवरच्या वार्निशचं आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मं होतं, असा मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. जळक्या वार्निशचा वास आला की ती मोटर पुढच्या मॅचसाठी विश्वासाची राहिली नाही असं समजा, मग ती फिरत असली तरी.

मॅच संपताच काय करायचं

पहिलं काम मोजण्याचं. रोबो पिटमध्ये टेबलावर आला की पंखा लावण्याआधी प्रत्येक मोटरचं तापमान घ्या आणि वहीत लिहा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर यासाठी पुरेसा आहे. चकचकीत धातूवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो. म्हणून प्रत्येक मोटरवर ठरलेल्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून ठेवा आणि नेहमी त्यावरच मोजा. हाताचा अंदाज यात कामाचा नाही. धातू ६० अंशांच्या आसपास गेला की हात टिकत नाही, त्यामुळे ६५ आणि ९० यांतला फरक हाताला कळतच नाही. डब्याचं तापमान मॅच संपल्यावरही मिनिटभर चढत राहतं, कारण आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. म्हणून दोन मिनिटांनी दुसरं मापन घ्या.

दुसरं, वीज तोडा. यात एक चूक सगळीकडे दिसते. रोबोचा हात वर उचललेला, कोड त्याला तिथेच धरून ठेवतोय आणि सगळे भोवती उभे राहून मॅचची चर्चा करताहेत. हात हलत नाही म्हणून मोटर विश्रांती घेतेय असं वाटतं. प्रत्यक्षात वजन धरून ठेवायला तिला सतत करंट लागतो आणि न फिरता करंट घेणारी मोटर सगळ्यात वाईट तापते. हात खाली आणून टेकवा, मगच बोला.

तिसरं, पंखा. छोटा टेबल फॅन किंवा बॅटरीवर चालणारा ब्लोअर, दोन्ही चालतात. रोबोवर वरून हवा सोडण्यापेक्षा सर्वांत तापलेल्या मोटरच्या डब्यावर आडवी हवा जाऊ द्या आणि पलीकडून ती बाहेर पडायला वाट ठेवा. संरक्षक पत्रे, पॉलिकार्बोनेटचं झाकण चार स्क्रूंत निघणारं असेल तर काढा. पुढच्या वर्षी रोबो बनवताना ते दोन स्क्रूंत निघेल असं बनवा. ड्राइव्हच्या मोटर्स धातूच्या पट्टीवर घट्ट बसवलेल्या असतील तर पट्टीवरही हवा लागू द्या, कारण बरीच उष्णता तिच्यातून बाहेर येते.

मोटर कशी बनली आहे तेही पाहा. सिमसारखी बंद डब्याची मोटर मोकळी फिरवून थंड होत नाही. ७७५ आकाराच्या काही मोटर्सच्या आत मात्र छोटा पंखा असतो. त्या विनाभार मिनिटभर फिरवल्या तर बाहेरची हवा आत ओढून घेतात. हाच पंखा मोटर अडकल्यावर थांबतो, म्हणून अशा मोटर्स जाम झाल्या तर काही सेकंदांतच जळतात.

काय करू नका

बर्फाच्या पिशव्या थेट मोटरवर ठेवू नका. दमट हवेत गार धातूवर पाणी सुटतं आणि ते ब्रश, सेन्सर, कनेक्टर यांत शिरतं. ओलं फडकंही नको. धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून त्यातला गार द्रव मोटरवर फवारण्याची युक्ती स्पर्धांमध्ये पुष्कळ दिसते. अशा अनेक डब्यांत डायफ्लुरोइथेन हा ज्वलनशील वायू असतो आणि ब्रशवाल्या मोटरमध्ये ठिणग्या उडतच असतात. शिवाय तो द्रव हाताला लागला तर त्वचा गोठते. आयोजकांच्या सुरक्षा नियमांतही हे बसेलच असं नाही.

मोटरच्या डब्याला भोकं पाडणं, तो कापणं हे बहुतेक स्पर्धांच्या नियमांत बसत नाही. बाहेरून अॅल्युमिनियमच्या पंखांचा कॉलर बसवायचा असेल तर आधी नियमपुस्तिका उघडा. आणि पिटमध्ये "एकदा चालवून बघू" म्हणत पाच मिनिटं सराव करू नका. तपासायचं असेल तर चाकं हवेत ठेवून दहा-पंधरा सेकंदांत उरका.

तापमानाची वही वाचायला शिका

चार चाकांच्या ड्राइव्हच्या चार मोटर्स आहेत असं समजा. मॅचनंतरची नोंद: पुढची डावी ५१, पुढची उजवी ५३, मागची उजवी ५२, मागची डावी ७६. तिघी एकमेकींच्या जवळ आहेत, म्हणजे गिअर आणि चालवण्याची पद्धत साधारण ठीक आहे. दोष मागच्या डाव्या कोपऱ्यातच आहे. मोटर सोडवून चाक हाताने फिरवा. बाकी तीन चाकं ढकलल्यावर दोन-तीन फेरे मारून थांबत असतील आणि हे अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर अपराधी सापडला. आता एकेक गोष्ट सैल करत जा. शाफ्ट कॉलर बेअरिंगला दाबून बसवलाय का? चेन किंवा बेल्ट तंतुवाद्याच्या तारेसारखी ताणली आहे का? मागच्या मॅचच्या धडकेत पट्टी वाकून दोन बेअरिंग एका रेषेतून सरकली आहेत का? शाफ्टला कार्पेटचे धागे, केस, दोरा गुंडाळला आहे का? कॉलर एका नखाएवढा मागे सरकवून चाक मोकळं झालं की पुढच्या मॅचला ७६ चा आकडा बाकीच्या तिघींच्या जवळ येतो.

चारही मोटर्स सारख्याच आणि फार तापल्या असतील तर निदान वेगळं: गिअरचं गुणोत्तर फार वेगवान आहे किंवा चालक सतत ढकलाढकलीत आहे. एकाच बाजूच्या दोन तापल्या असतील तर चेसिसची ती बाजू पिळली गेली आहे का पाहा.

आणि चौथी शक्यता, जी नवख्या संघांच्या लक्षात येत नाही. एका गिअरबॉक्सवर दोन मोटर्स आहेत. एक ८० अंशांवर, दुसरी ३५ वर. सगळे ८० वालीकडे धावतात, पण दोष बहुधा थंड मोटरमध्ये असतो. तिची तार सैल असेल, कनेक्टर निखळला असेल, कोडमध्ये तिचा पोर्ट चुकला असेल. ती कामच करत नाही आणि तिच्या वाट्याचा भार जोडीदारीण ओढतेय. दोन्ही मोटर्स उलटसुलट दिशांना फिरत असतील तर त्या एकमेकींशीच भांडतात आणि मग दोन्ही तापतात. नवीन कोड टाकल्यावर ही तपासणी आवर्जून करा.

खरा उपाय: गिअर

मोटर तिच्या कमाल बलाच्या (टॉर्कच्या) अर्ध्यावर सर्वांत जास्त शक्ती देते, म्हणून अनेक जण तिथेच तिला राबवतात. पण तिथे निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत जाते. सर्वांत किफायतशीर जागा कमाल बलाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याजवळ असते. मॅचमधलं नेहमीचं काम तिथे बसेल असा गिअर निवडा.

हाताचं उदाहरण घेऊ. अर्धा मीटर लांबीवर दोन किलोचा भार म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन-मीटर. सिम मोटर १:२० गिअरने, ८० टक्के कार्यक्षमता धरून लावली तर तिच्या कमाल बलाचा चौथा हिस्सा लागतो, करंट सुमारे ३६ अँपिअर, उष्णता ११८ वॉट. १:५० केलं तर करंट सुमारे १६ अँपिअर आणि उष्णता अवघी २३ वॉट. वेग कमी होईल ही भीती असते. १:५० नेही हा हात मिनिटाला ९०-९५ फेऱ्यांच्या वेगाने फिरेल, म्हणजे पाव फेरा डोळ्याची पापणी लवेपर्यंत. त्याहून जास्त वेग हाताला लागतच नाही. स्प्रिंग किंवा रबराच्या नळ्यांनी हाताचं वजन तोललं तर धरून ठेवायचा करंट आणखी उतरतो.

ड्राइव्हमध्ये एक छुपा शत्रू वळणाचा आहे. चारही चाकं घट्ट पकडीची असतील तर रोबो वळताना ती जमिनीवर घासत सरकतात आणि प्रत्येक वळण मोटर्सच्या जिवावर येतं. एका टोकाला आडवीही सरकणारी ओम्नी चाकं लावा, किंवा सहा चाकांच्या ड्राइव्हमध्ये मधली चाकं तीनेक मिलिमीटर खाली ठेवा. वळताना मोटरचा भार किती हलका झाला हे वहीतल्या पुढच्याच आकड्यात दिसेल.

कोड आणि चालक

कंट्रोलरमध्ये करंट मर्यादेची सोय असेल तर ती वापरा. ४० अँपिअरचा ब्रेकर मोटर वाचवेल यावर विसंबू नका. तो तारा वाचवण्यासाठी असतो आणि त्याहून बराच जास्त करंट काही सेकंद खपवून घेतो. चेंडू किंवा वस्तू ओढून घेणारे रोलर अडकले तर कोडने ते अर्ध्या सेकंदात ओळखावं, क्षणभर उलटे फिरवावेत आणि पुन्हा प्रयत्न करावा. हात टोकाला पोहोचला की मर्यादा स्विचने मोटर बंद व्हावी. नाहीतर ती थांब्यावर रेटत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

व्हेक्स व्ही५ मोटर वापरणाऱ्यांनी एक वेळापत्रक पाठ ठेवावं. ही मोटर स्वतःचं तापमान मोजते आणि स्वतःला वाचवते: ५५ अंशांना करंटची मर्यादा निम्मी, ६० ला पाव, ६५ ला अष्टमांश आणि ७० ला शून्य. तापमान ५-५ अंशांच्या पायऱ्यांनीच दिसतं. म्हणजे पडद्यावर ५० दिसत असताना तुम्ही निम्म्या ताकदीपासून फक्त एक पायरी दूर आहात. प्लास्टिकच्या आवरणामुळे आतली उष्णता सावकाश बाहेर येते, तेव्हा ५० दाखवणारी मोटर घेऊन मैदानात जाऊ नका. गिअरचं काडतूस आणि स्क्रू हाताशी ठेवून गार मोटर बदलणं हे दोन मिनिटांचं काम आहे. चालकाच्या पडद्यावर प्रत्येक मोटरचं तापमान सतत दिसेल एवढा कोड लिहा.

चालकाला मॅचआधी स्पष्ट सांगा: कुठली मोटर तापली आहे आणि आज काय टाळायचं आहे. भिंतीला किंवा प्रतिस्पर्ध्याला रेटताना रोबो सेकंदभर हलला नाही तर मागे घ्या, कोन बदला. न हलणाऱ्या रोबोला पूर्ण जोर देणं म्हणजे वर सांगितलेली दीड हजार वॉटची शेगडी पेटवणं.

बाद फेरीची तयारी

बाद फेरीसाठी एक पेटी आधीच भरून ठेवा: चार्ज केलेला ब्लोअर, थर्मामीटर, पिनियन बसवून आणि कनेक्टर क्रिम्प करून तयार असलेल्या जादा मोटर्स, हव्या त्या मापाची अॅलन की, टेप आणि वही. दोघांची कामं वाटून द्या. एक मोजतो आणि लिहितो, दुसरा हवा देतो आणि चाकं फिरवून पाहतो. बाकीच्यांनी दूर उभं राहावं. बऱ्याच स्पर्धांत बाद फेरीत टाइमआउट मागता येतो. तो कधी आणि कुणी मागायचा, हे नियमपुस्तिका पाहून सकाळीच ठरवा, म्हणजे तापलेल्या मोटरसाठी ती मिनिटं मिळतील.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशेबात धरायला हवा. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ४२ अंशांत सराव करणाऱ्या संघाची मोटर सुरुवातच ४२ पासून करते. व्ही५ ला ताकद निम्मी होईपर्यंत फक्त १३ अंश उरतात. अशा ठिकाणी सराव सकाळी लवकर करा, दोन फेऱ्यांमध्ये मोजून विश्रांती द्या आणि वातानुकूलित सभागृहात होणाऱ्या स्पर्धेत आकडे वेगळे येतील हे लक्षात ठेवा. उलटही घडतं. गार प्रयोगशाळेत सगळं ठीक चालणारा रोबो गर्दीच्या गरम क्रीडासंकुलात हात टेकतो.

महाराष्ट्राला रोबो स्पर्धा नव्या नाहीत. आशिया-पॅसिफिक देशांची एबीयू रोबोकॉन २००८ आणि २०१४ साली पुण्यात झाली आणि २००८ चा विषय तर गोविंदाचा होता, दहीहंडीवरून घेतलेला. आज राज्यात शाळेपासून इंजिनिअरिंगपर्यंत कितीतरी संघ उतरतात, त्यांच्याकडे चांगल्या मोटर्स आहेत, चांगले प्रोग्रामर आहेत. तापमानाची वही मात्र फारच थोड्या संघांकडे दिसते.

तेव्हा पुढच्या सरावापासून एवढंच सुरू करा: मॅच संपली की पंख्याच्या आधी आकडे. प्रत्येक मोटर, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, तारखेसह. वहीची चार-पाच पानं भरली की कुठला गिअर बदलायचा, कुठलं बेअरिंग सैल करायचं, हे कुणाला विचारावं लागणार नाही.